सावलीत वाढलेली रोपं उन्हात नेताना: हार्डनिंग, आडोसा आणि पाणी

अकोल्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी गॅलरीत प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपांच्या छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये, टोमॅटो, मिरची आणि वांग्याची रोपं वाढवली. रोपं हिरवीगार, वीतभर उंच, पाच-सहा पानांची झाली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ती घरामागच्या वाफ्यात लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपांनी माना टाकल्या, तिसऱ्या दिवशी पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडले आणि आठवड्याभरात निम्म्याहून जास्त रोपं गेली. सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही. हा कोणता रोग आहे, कोणतं औषध फवारू, आणि ट्रेमध्ये राहिलेली रोपं कशी वाचवू, असं त्या विचारतात.

ताई, आधी औषधाचं सांगतो: काहीही फवारू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं रोगाची नाहीत, उन्हाची आहेत. भाजलेल्या पानावर मार्चच्या उन्हात बुरशीनाशक किंवा कीटकनाशक पडलं, तर उरलेलं पानही करपतं. दुकानात गेलात तर कुणीतरी तीन बाटल्या हातात देईल, पण त्यातली एकही या दुखण्यावर चालणार नाही.

मी भुसावळ-रावेर पट्ट्यात भाजीपाल्याची आणि केळीची रोपवाटिका चालवतो. आमचं ऊन आणि तुमचं ऊन सारखंच, त्यामुळे तुमच्या वाफ्यात काय झालं असेल ते मला डोळ्यांसमोर दिसतंय. फेब्रुवारी संपला की आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी असंच वाळलेलं रोप पिशवीत घालून आणतं आणि विचारतं, "बियाणं खराब होतं का?" बियाणं चांगलं असतं, रोपही निरोगी असतं. ते फक्त सावलीसाठी तयार झालेलं असतं आणि आपण त्याला एका संध्याकाळीत उघड्यावर आणून ठेवतो.

फरक किती मोठा आहे बघा. मार्चमध्ये भर दुपारी उघड्यावर साधारण १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं माप) प्रकाश असतो. गॅलरीत जिथे थेट ऊन पोचत नाही, तिथे फार तर दहा-पंधरा हजार. आपल्या डोळ्याला गॅलरी लख्ख वाटते, कारण डोळा जुळवून घेतो. पानाला तसं लगेच जुळवून घेता येत नाही. कमी उजेडात वाढलेलं पान पातळ आणि रुंद असतं, जेवढा मिळेल तेवढा प्रकाश ओढून घ्यायला बनलेलं. त्याच्यावरचा मेणाचा थर नाममात्र असतो. असं पान एकदम कडक उन्हात आलं की त्याला झेपेल त्याच्या कितीतरी पट प्रकाश आत शिरतो, हरितद्रव्य जळतं आणि पांढरा चट्टा उठतो. तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही.

त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. पातळ पानातून पाणी झपाट्याने उडतं, आणि मुळं अजून कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, अंगठ्याएवढ्या गोळ्यातच असतात. मुळं त्या गोळ्याबाहेर, तुमच्या मातीत शिरायला निदान चार-पाच दिवस लागतात. तोवर तुम्ही अख्खा वाफा भिजवलात तरी रोपाच्या तोंडी पाणी येतं ते गोळ्यात आहे तेवढंच. शिवाय तुमची माती काळी असणार. काळी माती कोकोपीटपेक्षा पाणी जास्त जोराने धरून ठेवते, गोळ्यातलं पाणीसुद्धा स्वतःकडे ओढून घेते. म्हणून वाफा ओला आणि रोप तहानलेलं असं चित्र दिसतं. मग आपण आणखी पाणी ओततो, माती चिबड होते आणि आता मुळांना हवाही मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही रोपं का गेली, त्याचं उत्तर इथे आहे.

तरी एक गोष्ट तपासल्याशिवाय मी हे शंभर टक्के ठामपणे म्हणणार नाही, आणि ती म्हणजे तुमचं पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात, येतो. तुम्ही बोअरचं पाणी देत असाल आणि ते जिभेला मचूळ लागत असेल, तर तुमच्या रोपांना उन्हाबरोबर मिठाचाही मार बसला असेल. दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. उन्हाचा चट्टा पानाच्या त्या भागावर येतो जो थेट आभाळाकडे तोंड करून असतो. तो बऱ्याचदा पानाच्या मधोमध, पांढुरका किंवा फिकट पिवळा, हाताला कोरडा कागद लागावा तसा असतो, आणि एका पानाने दुसऱ्यावर सावली धरली असेल तर खालचं पान तेवढ्या जागी हिरवंच राहतं. मिठाचं करपणं कडेपासून सुरू होतं: आधी जुन्या पानांची टोकं, मग कडा, रंग तपकिरी. वाफ्याच्या कडेला माती वाळल्यावर पांढरी पापडी दिसते का, तेही बघा. तसं असेल तर रोपांपुरतं तरी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा आणि पाणी व माती तपासून घ्या. कृषी विद्यापीठ तुमच्याच गावात आहे. तुमच्या वर्णनात चट्टे पांढुरके आहेत, म्हणून मी उन्हाच्या बाजूने आहे.

आता हार्डनिंगकडे येतो, म्हणजे रोप काटक करण्याकडे. बरेच जण याचा अर्थ "रोपाला त्रास द्यायची सवय लावणं" असा घेतात आणि पाणी तोडून ठेवतात. मला यातला मुख्य मुद्दा वेगळा वाटतो. सावलीत पूर्ण उघडलेल्या पानाची जाडी पुढे फारशी बदलत नाही. त्याच्यात थोडाफार बदल काही दिवसांत होतो, उन्हापासून वाचवणारी रंगद्रव्यं वाढतात, मेण थोडं चढतं. पण खरं काटक पान म्हणजे वाढलेल्या उजेडात नव्याने उघडलेलं पान. ते लहान असतं, जाड असतं, गडद असतं. म्हणून हार्डनिंगची मुदत कॅलेंडरवर मोजण्यापेक्षा रोपावर मोजावी: बाहेर काढल्यापासून शेंड्याला किमान एक, जमल्यास दोन नवी पानं पूर्ण उघडली की रोप तयार. उन्हाळ्याच्या तोंडावर टोमॅटोला यासाठी आठ-दहा दिवस लागतात, मिरचीला दहा-बारा. मिरची मुळात सावकाश चालणारी, तिची घाई करू नये.

हे किती महत्त्वाचं आहे ते टिश्यू कल्चर केळीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. प्रयोगशाळेच्या बाटलीत वाढलेल्या केळीच्या रोपाभोवती हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. त्यामुळे त्याच्या पानावर मेण नसल्यासारखंच असतं आणि पानाची छिद्रं वेळेवर मिटत नाहीत. ते रोप बाटलीतून काढून साध्या खोलीत टेबलावर ठेवलं तरी काही वेळात मान टाकतं, ऊन तर लांबच. म्हणून त्याचं हार्डनिंग दोन टप्प्यांत होतं: आधी पॉलिहाऊसमध्ये, धुक्यासारखे तुषार सोडणाऱ्या फॉगरच्या दमट हवेत, ट्रेमध्ये, मग पिशवीत, शेडनेटखाली. शेडनेटमधून रोप शेतात जाईपर्यंत बाटलीतली बहुतेक पानं गळून गेलेली असतात, त्यांच्या जागी नवी आलेली असतात. म्हणजे शेतात आपण जे लावतो ते बाहेर बनलेलं रोप असतं. रावेर-यावलकडे तर शेतात गेल्यावरही कडक उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत रोपाभोवती क्रॉप कव्हर (पातळ कापडासारखं आवरण) चढवतात, काही जण दक्षिण-पश्चिम बाजूला ताग पेरून आडोसा करतात. तुमच्या टोमॅटोला एवढा लवाजमा लागत नाही, पण तत्त्व तेच.

गॅलरीतल्या रोपांसाठी मी असं करेन. पहिले दोन दिवस ट्रे सकाळच्या कोवळ्या उन्हात, नऊ वाजेपर्यंतच. नंतर आत नेण्याऐवजी बाहेरच्याच सावलीत ठेवा, भिंतीच्या उत्तरेला किंवा झाडाखाली, म्हणजे बाहेरच्या कोरड्या हवेची आणि हलक्या वाऱ्याची ओळख होते. पुढचे दोन-तीन दिवस अकरापर्यंत ऊन. त्यानंतर सकाळबरोबर दुपारी चारनंतरचं ऊनही जोडा. मग दोन-तीन दिवस दिवसभर बाहेर, पण शेवग्याच्या किंवा कडुनिंबाच्या विरळ सावलीत. झाड नसेल तर ३५ टक्क्यांच्या, म्हणजे तेवढं ऊन अडवणाऱ्या, शेडनेटखाली. शेवटच्या दोन-तीन रात्री ट्रे बाहेरच राहू द्या. बाजारात सहज मिळणारी ७५ टक्क्यांची हिरवी नेट रोपं वाढवायला आणू नका. तिच्याखाली टोमॅटोची कांडी लांब पडतात, रोप उंच आणि लुसलुशीत होतं आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. रोपं वाढवायला ५० टक्के, काटक करायला ३५ टक्के, हे पुरतं.

हे दिवस दगडावरची रेघ नाहीत. रोज दुपारी आणि संध्याकाळी रोपाकडे बघा. दुपारी पानं थोडी लवली आणि सहा वाजता पुन्हा ताठ झाली, तर आजचा डोस बरोबर होता, उद्या थोडा वाढवा. संध्याकाळीही मान खाली असेल, तर उद्या एक पायरी मागे या. सकाळी सातलाच रोप मलूल दिसत असेल, तर प्रश्न उन्हाचा नाही. मुळांकडे बघा, एकतर गोळा कोरडा ठक्क आहे किंवा कुजतोय. तयार रोप ओळखायला मी हात फिरवतो: तळहात शेंड्यांवरून हलकेच नेला की काटक रोपं लवून लगेच उभी राहतात, लुसलुशीत रोपं लवलेली राहतात. टोमॅटोच्या आणि वांग्याच्या खोडावर जांभळट झाक येते, पान बोटात धरलं तर आधीपेक्षा जाड आणि किंचित खरखरीत लागतं. ट्रेमधून एक रोप ओढून पाहावं: गोळा अखंड निघाला आणि त्यावर पांढऱ्या मुळांची जाळी दिसली, तर ते लावायला तयार. मुळं तपकिरी होऊन गोल गोल फिरलेली असतील, तर रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलं आहे.

ढगाळ दिवस या हिशेबात धरू नका. चार दिवस आभाळ आलं आणि रोपं बाहेर होती म्हणून ती काटक झाली, असं होत नाही. पाचव्या दिवशी लख्ख पडलं की ती तशीच भाजतात. पावसाळ्यात उघडीप मिळाल्यावर पहिल्याच दिवशी नव्या लागणी कोमेजतात, त्याचं कारणही हेच.

पाण्याबद्दल. रोपवाटिकेत लागणीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करतात, ते बरोबर आहे. पाणी कमी पडतंय असं मुळांना जाणवलं की पानं छिद्रं वेळेवर मिटायला शिकतात आणि रोपात साखर साठते, जी पुढे नवी मुळं फुटायला कामी येते. पण कमी म्हणजे बंद नाही. ट्रे उचलून पाहायची सवय लावा. भिजलेला ट्रे जड लागतो. तो हलका लागला आणि पान नुकतं मऊ पडायला लागलं की पाणी द्या, त्याच्या आधी नाही आणि त्याच्या फार नंतरही नाही. कोकोपीट पार वाळलं तर पुढे पाणी धरतच नाही, वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं. तसं झालं तर ट्रे टबमधल्या पाण्यात बुडापासून टेकवून ठेवा, खालून ओल चढू द्या. खताचं म्हणाल तर या काळात युरिया किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) थांबवा. नत्राने पुन्हा कोवळी लुसलुशीत वाढ येते, जी आपल्याला नको आहे.

काटकपणाचा अतिरेकही होतो. फुलकोबीच्या रोपाला ट्रेमध्ये फार ताण बसला, तर शेतात गेल्यावर ते वाढायच्या आधीच लिंबाएवढा गड्डा धरून बसतं. काकडी, दोडका, कारलं, कलिंगड या वेलांना तर पाण्याचा ताण मुळीच देऊ नये, ते खुरटतात आणि सुधारत नाहीत. वेलवर्गाची रोपं करायचीच तर कागदी कपात करा आणि खरी दोन पानं आली की, बी टाकल्यापासून बारा-पंधरा दिवसांच्या आत, लावून टाका. त्यांना हळूहळू ऊन दाखवलं की पुरे.

आता लागण. वेळ संध्याकाळची, पाचनंतर. सकाळी लावलेलं रोप सहा तासांत दुपारला तोंड देतं, संध्याकाळी लावलेल्याला चौदा-पंधरा तासांची उसंत मिळते. वाफा आदल्या दिवशी भिजवून वाफसा आलेला असावा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी. रोपं लावण्याआधी ट्रे पाण्यात टेकवून गोळा पूर्ण भिजवा. आपण जे चार-पाच दिवसांचं पाणी म्हणतो ते या गोळ्यात भरून पाठवायचं असतं. रोप असं बसवा की गोळ्याच्या वर बोटाच्या पेराएवढी माती येईल. बहुतेक लोक इथे चुकतात. गोळ्याचा माथा उघडा राहिला तर तो हवेत पाणी सोडत राहतो आणि दोन दिवसांत आक्रसतो, त्याच्या आणि मातीच्या मध्ये फट पडते, मुळं त्या फटीत लोंबकळत राहतात. टोमॅटो आणखी खोल लावता येतो, खालची पानं काढून खोड पहिल्या निरोगी पानापर्यंत गाडा. त्या खोडाला मुळं फुटतात आणि खालची माती थंडही असते. मिरची आणि वांग्याला एवढं गाडू नका, गोळा झाकला की झालं. फूल किंवा कळी आली असेल तर खुडून टाका.

लावल्यावर दोन्ही हातांनी माती दाबून घ्या आणि रोपाच्या बुडाशी तांब्याभर पाणी सावकाश घाला. पुढचे चार-पाच दिवस रोज थोडं पाणी, तेही बुडाशीच. त्यानंतर एक-दोन दिवसांचं अंतर ठेवून जास्त पाणी, म्हणजे मुळं खाली उतरतात. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून धावत पाणी घालू नका. दोन इंच खोल बोट खुपसून पाहा, ओल असेल तर ते रोप संध्याकाळी आपोआप उभं राहील.

आच्छादन जरूर करा: गव्हाचं काड, उसाचं पाचट, सोयाबीनचं कुटार, जे मिळेल ते दोन-तीन इंच जाड. फक्त खोडापासून दोन बोटं लांब ठेवा. मल्चिंग पेपर वापरणार असाल तर चंदेरी बाजू वर, आणि छिद्राभोवती माती भरून ते बंद करा. उन्हात कागदाखालची तापलेली हवा त्या छिद्रातून बाहेर येते आणि कोवळं खोड जमिनीलगत भाजतं. रोप वरून हिरवं आणि बुडाशी करकोचलेलं दिसलं, तर ते यामुळे झालेलं असतं.

सावली कशी करायची हे महिन्यावर आहे. मार्चमध्ये दुपारचं ऊन दक्षिण-पश्चिमेकडून तिरपं येतं, म्हणून रोपाच्या त्या बाजूला आडोसा रोवला तरी काम भागतं. कडुनिंबाचा किंवा निर्गुडीचा पानांचा डहाळा, पळसाची पानं काडीला अडकवून, जुन्या नारळाच्या झावळीचा तुकडा, कशानेही. डहाळ्याची मोठी सोय अशी की त्याची पानं चार-पाच दिवसांत वाळून गळायला लागतात, सावली रोज थोडी विरळ होते आणि रोपाला ऊन आपोआप वाढत्या मापात मिळतं. यापेक्षा चांगलं हार्डनिंग मी तरी विकत मिळताना पाहिलेलं नाही. मेमध्ये मात्र बाजूचा आडोसा उपयोगाचा नाही. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य माध्यान्हीला थेट डोक्यावर येतो, सावली वरूनच धरावी लागते. तेव्हा बांबूच्या कमानी करून ५० टक्के नेट ताणा, जमिनीपासून निदान तीन-चार फुटांवर. नेट रोपाला टेकली तर तिच्या खाली हवा कोंडते आणि रोप शिजतं. अकरा ते चार नेट, बाकी वेळ उघडं. रोज सरकवणं जमत नसेल तर पश्चिमेची आणि वरची बाजू झाकून पूर्व बाजू उघडी ठेवा.

वाऱ्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. दुपारी सुटणाऱ्या कोरड्या झळा उन्हाइतकंच नुकसान करतात, कारण पानाभोवतीची ओलसर हवा त्या सतत पुसून नेतात. इथे पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद आडवा लावू नका. घट्ट भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो आणि रोपं पिळवटतात. निम्मा वारा अडवणारा आणि निम्मा जाऊ देणारा आडोसा चांगला: तुराट्यांचं किंवा पऱ्हाट्यांचं विरळ कुंपण, नाहीतर नेटची एक पट्टी. कुंपणाच्या उंचीच्या साधारण आठ-दहा पट अंतरापर्यंत त्याचा फायदा मिळतो, म्हणजे कमरेएवढं कुंपणसुद्धा परसबागेला पुरतं. पुढच्या वर्षीचा विचार असेल तर वाफ्याच्या पश्चिमेला डिसेंबर-जानेवारीतच मक्याच्या दोन दाट ओळी पेरा. रोपं लावेपर्यंत मका कमरेला येतो. मिरचीला तर मक्याच्या ओळींमुळे बाहेरून येणाऱ्या पांढऱ्या माशीलाही अडसर होतो.

काही रोपं कुंड्यांत किंवा काळ्या ग्रो-बॅगमध्ये लावणार असाल, तर तिथे पानांआधी मुळं भाजतात. स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या पिशवीची पश्चिमेकडची बाजू दुपारी हात ठेववत नाही इतकी तापते आणि त्या बाजूची पांढरी मुळं मरतात. पिशवीला ओलं गोणपाट गुंडाळा, खाली विटा किंवा लाकडी फळी द्या, आणि कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा म्हणजे मधल्या कुंड्यांना कडेच्यांची सावली मिळते.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारांचंही धरून चाला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्यानंतर आमच्याकडे रोपवाटिकेवर नेट उतरती आणि ताणून बांधायची पद्धत पक्की झाली. सैल नेटमध्ये गारा साचतात आणि सगळं ओझं एका जागी येऊन नेट रोपांवर कोसळते. घरच्या वाफ्याला आभाळ भरून आलं की उपडी टोपली किंवा क्रेट पुरे, वर एखादा दगड ठेवून, आणि पाऊस थांबला की लगेच काढायचं. गारांनी पानं फाटली तरी रोप उपटू नका. शेंडा शाबूत असेल तर ते सावरतं. टोमॅटोचा शेंडा तुटला तरी पानाच्या बेचक्यातून फुटवा येतो. जखमांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, संध्याकाळी, एकदा. या सगळ्या उत्तरात औषधाची जागा एवढीच.

थंडीचं थोडक्यात: डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की मिरची आणि वेलांची वाढ थांबते. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या करतात आणि पहाटे पाणी देतात, ओली जमीन उशिरा थंड होते म्हणून. तुम्हाला संध्याकाळचं हलकं पाणी आणि रात्री गोणपाटाचं किंवा क्रॉप कव्हरचं पांघरूण पुरेल. सकाळी ऊन आलं की ते काढायला विसरू नका.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण तुमची मेहनत वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. अकोल्यात मार्चच्या मध्यानंतर लावलेला टोमॅटो नीट जगला तरी फार देणार नाही. त्याची फुलं ऐन एप्रिल-मेमध्ये येतात. दिवसा पारा ३५च्या वर आणि रात्री २४-२५च्या खाली उतरत नसेल, तर परागकण निकामी होतात, फुलं देठातून गळतात. सेटिंगची, म्हणजे फळ धरायला मारतात ती, औषधं मारूनही घरच्या बागेत हाती फारसं लागत नाही. वांगी आणि मिरची उन्हाळा काढतात, फळं कमी आली तरी झाड टिकतं आणि पावसाळ्यात जोमाने बहरतं. रिकाम्या झालेल्या जागी भेंडी, गवार, चवळी थेट बी टोकून लावा. ज्या रोपाने पहिलं पानच उघड्या उन्हात काढलं, त्याला हार्डनिंग लागत नाही. टोमॅटोची हौस असेल तर पुढच्या वेळी बी नोव्हेंबरअखेर टाका, लागण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होऊन जाऊ दे.

आता ट्रेमध्ये उरलेली रोपं. ती आतापर्यंत ट्रेच्या मानाने मोठी झाली असतील. थेट वाफ्यात न नेता ४ बाय ६ इंचाच्या पिशव्यांत माती आणि चाळलेलं शेणखत निम्मं-निम्मं घालून त्यात लावा. टोमॅटो खोडासकट खोल, बाकीची जेमतेम गोळा झाकून. तीन-चार दिवस पूर्ण सावलीत, मग वर सांगितल्याप्रमाणे रोज थोडं ऊन. वांगी-मिरची फार उंच सुटली असतील तर शेंडा खुडा, खालून फांद्या येतील. पिशवीत दोन नवी पानं उघडली की संध्याकाळी वाफ्यात, डहाळ्याच्या आडोशाला.

वाफ्यातल्या मलूल रोपांना लगेच उपटू नका. खोडाला नखाने बारीक ओरखडा काढून पाहा, आत हिरवं आणि ओलसर असेल तर ते जिवंत आहे. पांढरी पडलेली पानंही खुडू नका, ती आता अन्न तयार करत नसली तरी शेंड्यावर आणि खोडावर सावली धरतात. दक्षिण-पश्चिमेला डहाळा रोवा, बुडाशी आच्छादन घाला, पाणी दिवसातून एकदा संध्याकाळीच, आणि खत काही नाही. जिवंत रोपाच्या शेंड्यात आठ-दहा दिवसांत नखाएवढं नवं पान हलायला लागेल. तशी दोन पानं पूर्ण उघडली की जुनी काढून टाका आणि तेव्हा पहिल्यांदा चमचाभर गांडूळखत द्या. दहा दिवसांत शेंडा हललाच नाही, तर त्या जागी चवळी टोका.